कॅसिनोला जायच्या आधी ‘सराव’ करून देणाऱ्यापासून सांभाळा

पणजीला मांडवीतल्या बोटीवर पहिल्यांदा पोकर खेळायला निघालेली कोल्हापूरची बरीच पोरं माझ्या ओळखीत आहेत. गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहे आणि 21 वर्षं पूर्ण असली की आत जाता येतं, म्हणून मी कुणाला अडवत नाही. पण माझ्या चुलतभावाला लुटलं ते बोटीवर नव्हे. निघायच्या आधीच, इथं रंकाळ्याजवळच्या एका फ्लॅटवर लुटलं. तुमच्यापैकी कुणाला असं ‘सरावा’चं बोलावणं आलं असेल तर हे वाचून मगच ठरवा.

भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. दिवाळीत घरच्या घरी तीन पत्ती, एवढाच त्याचा पत्त्यांशी संबंध. गोव्याच्या ट्रिपा काढणाऱ्या एका एजंटानं त्याला गाठलं. “भावा, तिथं डायरेक्ट बसलास तर काय कळणार न्हाई. आधी आमच्याकडं चार डाव बस, फुकट शिकवतो.” आणि शिकवलंही. दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडे, या सातांतून चांगले पाच जुळवायचे. पण कुठला हात कुणाला मारतो हे विचारलं तेव्हा “आपल्या तीन पत्तीगतच” म्हणून विषय संपवला.

पहिला घात इथं झाला. तीन पत्तीत ट्रेलच्या (एकसारखे तीन पत्ते) वर काही नाही, आणि सिक्वेन्स (ओळीनं लागणारे पत्ते) कलरला (सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक, असे एकाच रंगाचे पत्ते) मारतो. पोकरमध्ये एका रंगाचे पाच पत्ते सिक्वेन्सला मारतात आणि ट्रेल या दोघांच्याही खाली. भावाला राजांची ट्रेल लागली. आता आपल्याला कोण हरवणार, म्हणून त्यानं समोरच्या सगळ्या चिप्स (पैशाऐवजी लावायच्या चकत्या) सरकवल्या, आणि बदामच्या कलरनं त्या गेल्या. शिकवणाऱ्याला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

नियम कळल्यावरही तो हरतच राहिला. मी त्याला समोर बसवून एकेक डाव आठवायला लावला तेव्हा खरा प्रकार उलगडला. एजंटाचे दोन साथीदार भावाच्या दोन्ही बाजूंना बसायचे. एकानं रक्कम वाढवायची, भावानं तेवढी लावली की दुसऱ्यानं आणखी वाढवायची, मग परत पहिल्यानं. मधला माणूस अडकतो: पत्ते टाकून डाव सोडावा तर लावलेले पैसे गेले, डावात थांबावं तर प्रत्येक फेरीला खिशात हात. तो बाहेर पडला की हे दोघं लगेच थंड. पुढं कुणी वाढवत नाही, पत्ते कुणी दाखवत नाही. एवढ्या डावांत त्या दोघांनी एकमेकांचे मोठे पैसे एकदाही घेतले नाहीत. ही खूण लक्षात ठेवा, कुठल्याही टेबलावर उपयोगी पडेल.

कॅसिनोच्या पोकर रूममध्ये पत्ते वाटणारा कॅसिनोचा नोकर असतो, तो स्वतः खेळत नाही. डावातल्या पैशातून कॅसिनो आपला हिस्सा कापून घेतो. वर कॅमेरे असतात, शंका आली तर फ्लोअर मॅनेजरला बोलावता येतं. फ्लॅटवर पत्ते वाटणारा, खेळणारा आणि चिप्स उधार देणारा एकच माणूस होता.

ट्रिपच्या नावाखाली ‘पोकरच्या चिप्स’ म्हणून एजंटानं वेगळा ॲडव्हान्सही घेतला. पणजीत काउंटरवर कळलं, त्या प्रवेशाच्या तिकिटाबरोबर मिळणाऱ्या चिप्स होत्या. एकदा लावायच्या, रोख होत नाहीत, आणि पोकरच्या टेबलावर चालत नाहीत. तिथं बसायचं तर स्वतःचे पैसे वेगळे मोजावे लागतात. पॅकेज घेताना हे काउंटरवर स्वतः विचारा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

उधारी शेवटी 1 लाख 40 हजारांवर गेली. वर महिना दहा टक्के व्याज, आणि हमी म्हणून सही केलेले कोरे चेक. “पोलिसात गेलास तर जुगार खेळला म्हणून तूच आत जाशील,” हे वाक्य त्याला रोज ऐकवलं जायचं. भीती अगदीच खोटी नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही तो लागतो. याच भीतीवर ही माणसं जगतात, आणि पोरं घरात तोंड उघडत नाहीत. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

वकिलांनी जे सांगितलं ते त्या एजंटानं कधीच सांगितलं नसतं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा व्यवहार रद्दबातल असतो, त्याच्या वसुलीसाठी कोर्टात दावा चालत नाही. परवान्याशिवाय व्याजानं पैसे द्यायचा धंदा करणं हा 2014 च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात करता येते. आम्ही ती केली आहे. चेकचे नंबर बँकेला लेखी कळवले, व्हॉट्सॲपवरच्या धमक्या आणि यूपीआयचे व्यवहार काढून वकिलांकडे ठेवले. चेक अजून परत मिळालेले नाहीत. तुमचेही कोरे चेक असे कुणाकडे अडकले असतील तर आधी घरात सांगा, आणि वकिलाला बरोबर घेऊनच बँकेत जा.