पायाला भिंगरी: जोडगोळी की नवी गोळी?

उदासीवरची गोळी चालू आहे, मन बऱ्यापैकी सावरलंय, पण पाय ऐकत नाहीत. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की चालावंसं, आणि चालूनही समाधान नाही. हा गोळीचाच परिणाम आहे, अकथिझिया, असं डॉक्टरांनी म्हटलं असेल, तर तुमच्यापुढे बहुधा दोन वाटा आल्या असतील. आहे तीच गोळी डोस उतरवून चालू ठेवायची आणि जोडीला पाय शांत करणारी प्रोप्रॅनोलॉल घ्यायची, किंवा गोळीच बदलून मिर्टाझापिन या उदासीवरच्याच दुसऱ्या गोळीवर जायचं. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. अनुभव एका माणसाचा आहे, तेवढाच धरा.

माझं चुकलं ते आधीच. माझी उदासीवरची गोळी एस्सिटालोप्रॅम १० वरून २० मिलिग्रॅम झाली आणि आठवड्याभरात भिंगरी सुरू झाली. मी डॉक्टरांना सांगितलं, "घबराट वाढलीय." मीच असं म्हटल्यावर तेही त्याच दिशेने गेले आणि रात्रीची क्लोनाझेपाम, म्हणजे घबराटीवरची गोळी, वाढली. तिने पाय थोडे निवतातही, त्यामुळे खरं दुखणं आणखी दोन महिने झाकलेलं राहिलं. घबराटीला निदान काहीतरी विषय असतो: हप्ते, नोकरी, मुलीची परीक्षा. इथे डोक्यात काहीच नसायचं, घाई फक्त पायांना. आई म्हणायची, "पाय हलवू नकोस रे, लक्ष्मी जाते." या गोळ्यांनी मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढलं की हालचाली सांभाळणाऱ्या भागातलं डोपामिन हे दुसरं रसायन दबत असावं, असं याचं कारण सांगतात. हातांचा कंप आणि झोपेत दात खाणं ही याच गोळ्यांची आणखी दोन भावंडं.

अकथिझिया हे नाव लाडिस्लाव हाश्कोवेट्स या चेक डॉक्टरांनी १९०१ साली दिलं. मूळ ग्रीक, अर्थ 'बसता न येणं'. तेव्हा उदासीवरच्या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. आमचं ठाण्याचं मनोरुग्णालयही १९०१ चंच. 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा ऐकत ठाण्यातच वाढलेल्या माणसाला हा योगायोग जरा लागतो.

असो. जोडगोळीची मोठी सोय म्हणजे ज्या औषधाने मन सावरलं ते सुटत नाही. प्रोप्रॅनोलॉल गुण लवकर देते. माझे पाय तिसऱ्या दिवशी निम्म्याने शांत झाले. दमा असेल तर मात्र ही वाट बंदच समजा. मधुमेहात साखर उतरल्याची धडधड ती लपवते, आणि नाडी मुळात मंद असेल तर डॉक्टर जपून देतात. मला बोटं गार पडायची आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना पाय जड व्हायचे. एवढं चालून गेलं असतं.

नडली ती दुपारची गोळी. साधी प्रोप्रॅनोलॉल काही तासांत उतरते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. वाशीच्या ऑफिसात डबा उघडला की मी खिशातून पट्टी काढायचो. एकाने विचारलं, "कसली गोळी?" मी म्हटलं, "बीपीची." खोटंही नाही, ती बीपीचीच गोळी आहे! पण त्या दिवसापासून टेबलावरचं लोणचं माझ्यापर्यंत पोचेना. पापड परस्पर पुढे सरकायचे. एक बाई तर माझ्यासाठी अळणी शेंगदाणे आणायच्या. या प्रेमाला कंटाळून मी जेवणानंतर एकटा असताना गोळी घ्यायचं ठरवलं, आणि मग विसरायला लागलो. दुपारची चुकली की संध्याकाळी वसूल. वाशीहून सुटणाऱ्या ठाणे गाडीत मला खिडकी मिळायची आणि घणसोली येईपर्यंत मी ती सोडून दारापाशी उभा असायचो, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मुंबईकडच्या माणसाने मिळालेली खिडकी आपणहून सोडणं, याहून मोठं लक्षण कुठल्या डॉक्टरला हवंय?

मिर्टाझापिन रात्री एकदा, घरातच, कुणाला काही सांगायला नको. माझ्या बाबतीत निम्मा निकाल इथेच लागला. बदलाचे तीन आठवडे मात्र वाईट गेले. एस्सिटालोप्रॅम पायरीपायरीने उतरवतानाही मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. फ्लुऑक्सेटिन या तशाच गोळीवरून बदलणाऱ्यांना हा त्रास सहसा कमी, पण ती अंगातून पुरती जायला चार-पाच आठवडे घेते, तोवर भिंगरीही रेंगाळू शकते. मिर्टाझापिनने भूक खवळते. रात्री साडेदहाला मी फरसाणाच्या डब्यापाशी सापडायचो, आणि चार महिन्यांत पाच किलो वाढले. काहींना आडवं पडल्यावर हिच्यानेच पायांत वळवळ सुटते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मला ती आली नाही, तुम्हाला येणारच नाही असं कसं म्हणू?

आपल्या मनाने गोळी बंद करणं ही तिसरी वाट नाही. या तडफडीने जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो. कंपाबरोबर ताप, घाम आणि बरळणं असेल, तर थेट इस्पितळ.

वजन किंवा साखर आधीच डोक्यावर बसलेली असेल, किंवा चार औषधं फसल्यावर हे पाचवं लागू पडलं असेल, तर जोडगोळीच बरी, साखरवाल्यांनी फक्त ती लपणारी धडधड डॉक्टरांशी बोलून घ्यावी. दुपारच्या गोळीचं काय ते बघा, दिवसातून एकदा घ्यायची लांब चालणारीही मिळते. बाकीच्यांनी डॉक्टरांशी नव्या गोळीचं बोलून बघायला हरकत नसावी. तिची सुस्ती खरी आहे, हेही सांगतो. पहिल्याच महिन्यात एकदा वाशीला खिडकीत बसलो. ठाण्याला उतरणारे उतरले, चढणारे चढले, आणि मला जाग आली ती गाडी परत ऐरोलीला पोचल्यावर. खिडकीतच होतो.