पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली आणि मी 16,800 रुपये मोजले

आमच्या अण्णांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी अजून देवगडच्या घरी आहे. पावसाळाभर ती पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असते आणि गणपतीच्या तोंडावर बाहेर निघते. गेल्या वर्षी काढली, तर सकाळी चालू राहायला तयार नाही. चोक ओढला की इंजिन पकडायचं, चोक आत ढकलला की कार्बोरेटरातून, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातून, फट्ट आवाज करून बंद. एकदा तापली की मात्र दिवसभर तक्रार नाही.

कोकणात कसली आलीय थंडी, असं कुणी म्हणेल. इथे थंड म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं इंजिन. त्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं आतल्या भिंतींना चिकटून राहतं, म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं. चोकचं काम तेवढंच. चोक काढल्यावर गाडी फटके मारून बंद पडते, म्हणजे बहुतेक वेळा मिश्रणात हवा जास्त होत असते. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

टोचन करून गाडी महामार्गावरच्या एका गॅरेजात नेली. मालकाने बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगितलं. "साहेब, हा ई-20 चा प्रॉब्लेम. या पेट्रोलवर जुना कार्बोरेटर चालूच शकत नाही. नवीन टाकायला लागेल." मी इथेच फसलो, कारण यात अर्धं खरं होतं. 2023 पासून पंपांवर यायला लागलेल्या या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. एक किलो साध्या पेट्रोलला जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं, आणि जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर, गाडी किंचित कोरडी, पेट्रोल कमी पडून चालते. जुने रबरी पाइपही इथेनॉलने फुगतात, चिरतात. पण त्यावर इलाज एखाद-दुसऱ्या नंबरने मोठा जेट आणि नवे पाइप. अख्खा कार्बोरेटर बदलायचं काहीच कारण नसतं.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. गाडी फणसाच्या झाडाखाली उभी होती. त्याने माझ्यादेखत किल्ली फिरवली, पहिल्या सेल्फला चालू, तीही चोक न ओढता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, अण्णा गेल्यापासून ती अशी उठलीच नव्हती. तेवढ्यात मी बॉनेटवर हात ठेवला होता. पत्रा कोमट होता. "ऊन लागलंय," तो म्हणाला. झाडाखाली गर्द सावली होती आणि वेळ सकाळी साडेनऊची. म्हणजे इंजिन आधीच तापवलेलं असणार, ती ऊब मी तिथल्या तिथे विचारात घ्यायला हवी होती. मी पैसे मोजले. कार्बोरेटरचे 9,500, बाकी प्लग, वायरी आणि ट्यूनिंग. बिल म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडे. जुना कार्बोरेटर मागितला तर म्हणाला, भंगारात गेला.

दोन आठवड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी बोटभर काजळी. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी आठवर आली. एके दिवशी ऑइल बघायला डिपस्टिक काढली, तर तिला पेट्रोलचा वास. तशीच गाडी मालवणातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेली.

त्यांनी चारी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. काळेभोर, मऊ काजळीचे, बोट लावलं की माखणारे. मग मेन जेट काढून उजेडाकडे धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. सोलेक्स, म्हणजे पद्मिनीचा मूळ कार्बोरेटर, त्याच्या मेन जेटवर कोरलेला आकडा भोकाचं माप असतो, 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. या जेटवरचा आकडा खरवडून टाकलेला होता आणि भोकाच्या कडेला पितळेची कूस उभी. हाताने ड्रिल फिरवून मोठं केलेलं भोक. कार्बोरेटर खोलून बाजूला ठेवल्यावर बुडाखालची गॅस्केट, म्हणजे सांधा हवाबंद करणारी चकती, निघाली ती कडक, पापडासारखी, एका कोपऱ्याला तुटलेली.

"भाऊ, ह्यो कार्बोरेटर तुमचो न्हय, नक्कल आसा. गॅस्केट मात्र जुनीच. गाडी एअर घेय होती. ती बंद केल्यान नाय, वरसून पेट्रोल ओतल्यान."

तुटक्या गॅस्केटमधून चोरून शिरणारी हवा, एवढाच मूळ रोग होता. गॅरेजवाल्याने ती वाट तशीच ठेवली आणि जेट मोठा करून मिश्रण इतकं गडद केलं की थंड इंजिनही झटकन पेटावं. चोक कायमचा ओढून ठेवल्यासारखंच ते. हे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. आणखी दोन महिने तशीच चालवली असती तर पिस्टनच्या रिंगांचं काम निघालं असतं, आणि तेही बहुधा त्याच गॅरेजात. मेस्त्रींनी नवी गॅस्केट घातली, जेट बदलला, इंजिन चालू ठेवून सांध्यावर साबणाचं पाणी मारून पाहिलं. आयडलिंग जरासुद्धा हललं नाही. सांध्यातून हवा जात असती तर पाणी पडताच आवाज बदलला असता. ऑइल सोडून त्यांचे एकूण 650 रुपये झाले.

मी परत त्या गॅरेजात गेलो. मालकाने ओळखच दाखवली नाही. ग्राहक आयोगाकडे जायचा विचार केला, पण हातात सहीशिक्क्याचं बिल नाही, जुना पार्ट नाही, काम सुरू होण्याआधीचा एक फोटो नाही. तुमची गाडी आत सोडण्यापूर्वी कार्बोरेटरचे, पंपाचे, डिस्ट्रिब्युटरचे फोटो काढा, जुने पार्ट परत हवेत हे आधीच लिहून घ्या, आणि गाडी ताब्यात घ्यायची तर रात्रभर उभी राहिलेली, सकाळी स्वतः जाऊन, बॉनेटला हात लावून. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली. चांगला जुना सोलेक्स आता शोधून मिळत नाही, म्हणूनच तो भंगारात जात नाही, विकला जातो.

आमच्या कार्बोरेटरच्या झाकणावर, स्क्रूच्या शेजारी, अण्णांनी कानशीने मारलेल्या तीन बारीक रेघा आहेत. तिसरी थोडी तिरकी. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत कुणी तुम्हाला जुना सोलेक्स विकायला आणला, तर घेण्याआधी झाकण पुसून तेवढं बघा.