मोतीबिंदूआधीची हिपॅटायटिस सी तपासणी: कार्ड चोख, पुढची वाट कच्ची

साठी ओलांडलेल्या माणसाची हिपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा, यकृताचा विषाणूजन्य आजार) चाचणी आपल्याकडे बहुतेक वेळा होते ती मोतीबिंदूच्या नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनआधी. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीसोबत एकाच रक्तात ती उरकते. हेतू थिएटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा असला, तरी ज्येष्ठांना गाठायला याहून सोयीची वेळ नाही. रक्तपेढ्यांत ही तपासणी सक्तीची झाली २००१-०२ च्या सुमारास. त्याआधी बाळंतपणात किंवा अपघातात रक्त चढवलेले, नीट न उकळलेल्या काचेच्या सिरिंजने इंजेक्शनं घेतलेले लोक आज याच वयाचे आहेत. आजार वीस-तीस वर्षं गप्प बसतो, डोळे पिवळे होतातच असं नाही. त्यामुळे "कधी कावीळ झाली होती का?" एवढं विचारून भागत नाही.

चाचणी म्हणून रॅपिड कार्ड उत्तम. रक्ताचा थेंब, त्यावर किटमधला द्राव (बफर), साधारण १५ ते २० मिनिटांत निकाल. नेमकी वेळ किटच्या पत्रकात असते आणि ती पाळायची असते. कार्ड नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघ आली नाही तर कार्ड बाद. टेस्टची रेघ फिकट असली तरी निकाल रिॲक्टिव्हच (रेघ उमटलेला) धरायचा. मात्र तासाभराने उमटलेली रेघ ग्राह्य नाही. गर्दीच्या दिवशी कार्डं ओळीने मांडून ठेवली की घोळ इथेच होतो. प्रत्येक कार्डावर रुग्णाचा नंबर आणि थेंब टाकल्याची वेळ लिहिली की तो टळतो.

खरी उणीव पुढे आहे. रिॲक्टिव्ह म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली, एवढंच. १५ ते ४५ टक्के लोकांत विषाणू आपोआप निघून जातो. आज तो रक्तात आहे का, हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी चाचणीच सांगते. पण पुष्कळ ठिकाणी रुग्णाचा नंबर ऑपरेशनच्या यादीत शेवटी ढकलतात, केस पेपरवर लाल शेरा मारतात, आणि टाके-पट्टी झाली की माणूस घरी. रिपोर्टचा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. हे फार वाईट आहे, कारण आजार बरा होतो. "व्हायरल लोडला परत या" म्हटलं की दोन एसटी बदलून आलेली आजी परत येत नाही. कार्ड रिॲक्टिव्ह दिसताच त्याच बैठकीत एक ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी) भरून घ्यावी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेळेत वेगळा करून पाठवावा.

औषधं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २८ जुलै २०१८ पासून मोफत आहेत. सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) नसेल तर सोफोसबुव्हिर ४०० आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक गोळी, १२ आठवडे; ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. सिरॉसिस असेल तर औषधं किंवा मुदत बदलते. यकृतात व्रण किती झालेत याचा अंदाज घ्यायच्या फिब-४ सूत्रात वयाने गुणतात, त्यामुळे ज्येष्ठांचा आकडा फुगतो; एकट्या त्यावर विसंबू नये. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट आधी बघावा, कारण सीच्या उपचारात बी उसळू शकतो. आणि घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओतावी: हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन, टीबीचं रिफॅम्पिसिन, यांपैकी काहीही चालू असेल तर सोफोसबुव्हिर अडचणीचं ठरतं.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड. बरं झाल्यावरही कार्ड बहुधा जन्मभर रिॲक्टिव्हच येतं. म्हणून "विषाणू आढळला नाही" हा रिपोर्ट फाइलीत सगळ्यात वर लावावा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तोच दाखवायचा आहे.