सीईटी की जेईई मेन? आधी गुण कसे मोजतात ते पाहा

बारावी सायन्सला असलेल्या मुलांची इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दोन परीक्षांमध्ये, राज्याची सीईटी आणि देशपातळीवरची जेईई मेन यांच्यात, ओढाताण होते. जोर कशावर द्यायचा हे ठरवताना घरचे लोक कॉलेजांची नावं बघतात. ती बघावीतच, पण गुण मोजायची पद्धतही बघावी. तेच मूल, तोच अभ्यास, तरी एका परीक्षेत ही पद्धत त्याला वर नेते आणि दुसरीत खाली आणते.

आधी जे सारखं आहे ते. दोन्हीकडे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पेपरांनी, गटागटाने होते; या गटाला शिफ्ट म्हणतात. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुलं मोजायची, शिफ्टला बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि 100 ने गुणायचं. समजा शिफ्टला 20,000 मुलं बसली, तुम्हाला 120 गुण पडले आणि 19,000 जणांचे गुण 120 किंवा त्याखाली आहेत. तुमचा पर्सेंटाइल 95. दुसऱ्या दिवशीचा पेपर अवघड गेला असेल तर तिथे हाच 95 कदाचित 108 गुणांनाही मिळेल. म्हणून ‘120 ला किती पर्सेंटाइल येतो?’ या प्रश्नाला शिफ्ट कळल्याशिवाय उत्तर नसतं. एकूण पर्सेंटाइल हा तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरीही नसतो. तो एकूण गुणांवरून वेगळा काढतात. निकालाच्या दिवशी कितीतरी घरांत ही सरासरी काढून विनाकारण घबराट होते.

इथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपला 150 प्रश्न आणि 200 गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा. जेईई मेनला तिन्ही विषयांना 100-100 गुण, एकूण 300. ज्याचं गणित पक्कं आहे त्याला सीईटीचं वजन सरळ फायद्याचं. केमिस्ट्रीवर तरणाऱ्या मुलाला मात्र जेईईत जास्त आधार मिळतो. माझ्या मते निर्णयाची सुरुवात इथूनच व्हावी.

दुसरा फरक निगेटिव्ह मार्किंगचा. जेईईत बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1. आकड्यात उत्तर लिहायच्या प्रश्नांनाही वजा 1 आहेच, आणि तिथे पर्याय नसल्यामुळे अंदाज चालत नाही. सीईटीत वजा काहीच नाही. हे ऐकून मुलं सुखावतात, पण त्याची दुसरी बाजू समजून घ्या. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी सरासरी चौथा हिस्सा प्रश्न बरोबर येतात, म्हणजे 200 पैकी साधारण 50 गुण. सगळेच सगळे प्रश्न सोडवून येतात, त्यामुळे हे 50 कुणालाच पुढे नेत नाहीत. रिकामा प्रश्न सोडणारा तेवढा मागे पडतो. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

वेळेचं गणित तर अगदीच निराळं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या 100 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. गणिताला वेगळी 90 मिनिटं. जेईईत 75 प्रश्नांना तीन तास, प्रश्नामागे 144 सेकंद, आणि वेळ कुठल्या विषयाला किती द्यायचा ते तुमच्या हातात. सीईटीचा भर वेगावर, त्यात अकरावीचा वाटा सुमारे 20 टक्केच. जेईईला अकरावी पूर्ण लागते. अकरावी कच्ची राहिलेल्या मुलाने हे लपवून ठेवू नये, त्याच्यासाठी सीईटीच जास्त हाताशी आहे.

दोन्हीकडचे 95 एकमेकांशेजारी ठेवू नका. 2025 मध्ये जेईई मेनच्या दोन सत्रांत मिळून सुमारे पावणेपंधरा लाख मुलं बसली होती, सीईटीच्या पीसीएमला सव्वाचार लाखांच्या आसपास. वरचे पाच टक्के म्हणजे तिकडे सत्तर हजारांहून अधिक, इकडे एकवीस हजारांच्या आसपास. जेईईत जानेवारी आणि एप्रिल अशा दोन सत्रांपैकी चांगला पर्सेंटाइल धरतात.

आता जागा. नागपूरचं व्हीएनआयटी (हे एनआयटी, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांपैकी एक), नागपूर आणि पुण्याच्या ट्रिपलआयटी (माहिती तंत्रज्ञान संस्था) हव्या असतील तर जेईई मेनशिवाय दार उघडत नाही. आयआयटीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड ही पुढची परीक्षा द्यायला मेनमधून वरच्या अडीच लाखांत यावं लागतं. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि राज्यातली बहुतेक कॉलेजं हवी असतील तर कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्ये, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी मुख्य आधार सीईटीचा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या ऑल इंडिया (देशभरातल्या मुलांसाठीच्या) जागा जेईईवर भरतात, म्हणून मुख्य लक्ष्य सीईटी असलं तरी जेईईचा फॉर्म भरून ठेवावा.

स्टेट बोर्डाचं मूल, गणित बरं, राज्यातच शिकायचं असेल तर मी डिसेंबरपासून सीईटीच्याच वेगाचा सराव करायला सांगेन आणि जानेवारीची जेईई निकालाचा ताण न घेता द्यायला लावीन. अकरावी-बारावी दोन्ही पक्क्या आणि एनआयटी डोक्यात असेल तर उलट करावं: एप्रिलपर्यंत जेईई, मग सीईटीसाठी फक्त वेगाचे पेपर. एनआयटीला बारावीत 75 टक्के (एससी, एसटीला 65) किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा लागते, त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्याने बोर्डाच्या वह्या बाजूला ठेवू नयेत.