गॅनिमीड की टायटन?

भाचीला विज्ञान प्रदर्शनासाठी एका चंद्राची प्रतिकृती करायची आहे. गुरूचा गॅनिमीड घ्यावा की शनीचा टायटन, यात ती अडकली आहे.

आकारावरून निवड होणार नाही. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किमी, टायटनचा ५,१५० किमी. दोघेही बुधापेक्षा मोठे.

खरा फरक पृष्ठभागाचा. गॅनिमीडवर जुने, विवरांनी भरलेले काळपट पट्टे आणि त्यांना छेदत जाणारे उजळ, खाचांचे प्रदेश आहेत, जणू नुकतीच नांगरलेली शेतं. हे सगळं उघडं दिसतं. शिवाय स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला हा एकमेव ज्ञात चंद्र.

टायटन मात्र नारिंगी धुक्यात गुरफटलेला. हवा मुख्यतः नायट्रोजनची, दाब पृथ्वीच्या साधारण दीडपट, तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस. तिथे पाऊस पडतो तो मिथेनचा. नद्या, सरोवरंही त्याचीच. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान उतरलं, तेव्हा समोर गोलसर गोटे दिसले, नदीपात्रात असतात तसे. ते छायाचित्र मी अजूनही पुन्हापुन्हा बघतो.

पाहायचं म्हटलं तर गॅनिमीड दोन्ही डोळ्यांना लावायच्या साध्या दुर्बिणीतूनही ठिपक्यासारखा दिसतो. टायटनला छोटी टेलिस्कोप लागते.

वेळ कमी असेल आणि रात्री गच्चीवरून खरा चंद्रही दाखवायचा असेल, तर गॅनिमीड. हवा, पाऊस, नद्या समजावून सांगायची हौस असेल, तर टायटन. पण मग धुक्याचं कवच अर्धं कापून आतली सरोवरं दाखवावी लागतील, म्हणजे मेहनत दुप्पट. भाचीचा स्वभाव पाहता मी टायटन सुचवला आहे.