हंगामाच्या सणाचा लिलाव आणि जेवण : एका शेजाऱ्याचा अभिप्राय

कोल्हापुरातील एका जुन्या प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी नोव्हेंबरअखेरीच्या रविवारी हंगामाचा सण, म्हणजे पिकाचे पहिले फळ देवाला अर्पण करण्याचा सण, साजरा होतो. सकाळी उपासना, त्यानंतर अर्पण केलेल्या वस्तूंचा आवारात लिलाव आणि दुपारी कूपनावर जेवण, असा त्याचा क्रम असतो. तिन्हींपैकी कशालाही बाहेरच्या माणसाला मज्जाव नाही. या आवाराच्या मागच्या गल्लीत मी अकरा वर्षे राहतो आहे. तरीही आत पाऊल ठेवण्याचा योग यंदा आला, तोही शेजारच्या काकूंनी हातात कूपन ठेवून, "पैसे सावकाश द्या, पण या मात्र नक्की," असे बजावल्यामुळे. मंडळीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या सहज दुरुस्त होण्याजोग्या आहेत.

उपासना सव्वा तास चालली. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या उभ्या बांधल्या होत्या आणि खाली भाताच्या लोंब्या, नारळ, भोपळे, शेंगांची पोती व गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मांडले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे पेटी-तबल्यावर म्हटली गेली. भजनाला सरावलेल्या माझ्या कानाला चाली अनोळखी वाटल्या नाहीत. शब्द मात्र लक्ष देऊन ऐकावे लागले. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय वाचला. भूमीचे प्रथमफळ टोपलीत घालून देवापुढे आणावे, आणि मग लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस) व तुमच्यामध्ये राहणारा उपरी (परका) यांच्यासह आनंद करावा, अशी त्यात आज्ञा आहे. 'उपरी' हा शब्द उच्चारताना त्यांची नजर मागच्या बाकांवर बसलेल्या आम्हा चार-पाच जणांकडे वळली, असे मला वाटले. कदाचित तो माझा भासही असेल.

खरी मजा लिलावात आहे. पाडव्याच्या मुहूर्ताचे गुळाचे सौदे ज्या गावात बातमीचा विषय होतात, त्या गावाला बोली लावणे शिकवावे लागत नाही. इथे फरक इतकाच, की घेणारा भाव पाडण्याऐवजी चढवायला बसलेला असतो. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच मंडळीतले एक निवृत्त शिक्षक टेबलावर उभे राहून वस्तू उंच धरत होते आणि आवाजाच्या चढउतारावर दोनशे माणसे खिळवून ठेवत होते. पाय बांधलेला एक गावरान कोंबडा बोली चालू असतानाच आरवला, तेव्हा "हा स्वतःचीच बोली वाढवतोय, याचा हिशेब धरू नका," असे त्यांनी जाहीर केले.

माझ्या लक्षात राहिला तो एक कोहळा. पहिल्या बोलीत तो १८० रुपयांना शाहूपुरी कुंभार गल्लीतील एका मूर्तिकारांनी घेतला आणि तिथल्या तिथे परत टेबलावर ठेवला. घेतलेली वस्तू पुन्हा अर्पण करून पुन्हा लिलावाला लावण्याची इथे रीत आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दुसऱ्यांदा तो २६० रुपयांना गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा ४०० रुपयांना महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तो घेतला आणि थेट स्वयंपाकघरात पाठवून दिला. एका कोहळ्याचे ८४० रुपये झाले. त्या मूर्तिकारांना मी विचारले, की तुम्ही मंडळीतले नसताना दरवर्षी कसे येता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचे पाणी गल्लीत शिरले, अर्धवट रंगवलेल्या गणपतीच्या मूर्ती भिजून गेल्या आणि आठ दिवस त्यांचे कुटुंब याच आवारातील शाळेच्या खोलीत राहिले, इतके सांगून ते पुढच्या बोलीकडे वळले.

धान्याची पोती बहुतेक पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीकडून येतात. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यानंतर मिशनचे काम शहराबरोबर त्या तालुक्यातही पसरले. त्यामुळे शहरातील अनेक ख्रिस्ती घरांची शेती आणि भाऊबंद अजून तिकडेच आहेत. खरेदी म्हणून पाहिले, तर इथे स्वस्त काही मिळत नाही. दहा किलोचा गुळाचा रवा मी बाजारभावापेक्षा दीडशे रुपये जास्त देऊन घेतला. गूळ मात्र पिवळाधमक नसून तपकिरी आणि खमंग आहे, आणि तो कोणत्या गुऱ्हाळावरचा हे सांगणारा माणूस शेजारीच उभा होता. ही सोय दुकानात नसते.

जमलेल्या पैशांचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही देवस्थानात विचारावासा वाटतो आणि विचारला जात नाही. इथे दारापाशी फळ्यावर मागील वर्षाचा जमाखर्च खडूने लिहिलेला होता : शब्बाथ शाळा (मुलांचे रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग), गल्लीतील मुलांच्या वह्या, दोन आजारी माणसांची औषधे, कौलांची दुरुस्ती. औषधांच्या रकमेपुढे नावे नव्हती, हे मला विशेष आवडले. कौलांवरचा खर्च सर्वांत मोठा होता आणि तरीही माझ्या बाकावर वरून उन्हाची तिरीप येत होती, हेही नोंदवतो.

जेवणाबाबत मात्र हात आखडता घ्यावा लागेल. कूपन १५० रुपयांचे होते. मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, भाकरी, भात, दही-कांदा. तांबड्याची चव घरगुती, तेलाचा तवंग बेताचा, खोबऱ्याचे वाटण नीट भाजलेले. पण रांग एकच, वाढणारी तरुण मंडळी उत्साही असली तरी नवखी, आणि पाऊण तास उभे राहून मी टेबलाशी पोहोचलो तेव्हा पांढरा रस्सा संपलेला होता. शाकाहारी जेवण वेगळे आहे, हे कळायला कुठेही पाटी नाही. माझ्या पुढच्या आजींनी ते विचारून घेईपर्यंत त्यांच्या पानात मटण पडले होते. बसायच्या खुर्च्या पन्नासच्या आसपास आणि जेवणारे त्याच्या चौपट. ध्वनिक्षेपकही लिलावात दोनदा बंद पडला, परंतु त्याची उणीव गुरुजींच्या आवाजाने भासू दिली नाही.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी सुटे पैसे आणि जाड कापडी पिशवी बरोबर ठेवावी, आणि लिलाव संपण्याच्या आधीच घरातले एक माणूस जेवणाच्या रांगेत उभे करावे. काकूंना कूपनाचे पैसे द्यायला संध्याकाळी गेलो, तेव्हा त्यांनी ते घेतले आणि वाटीभर कोहळ्याची भाजी दिली. ४०० रुपयांना गेलेला तोच कोहळा असावा.