'नाना'चा शिक्का पुसायचा असेल तर तीन जिने चढायची तयारी ठेवा

फौजेतनं आलेल्या ज्यांचा डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे नोकरीत जडलेल्या आजाराच्या नाहीतर अपंगत्वाच्या पेन्शनचा, क्लेम रिजेक्ट झाला असेल त्यांच्यासाठी लिहितोय. साताऱ्यात स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एक पेन्शन मदतीचं ऑफिस आहे, रिटायर्ड सुभेदार साहेब चालवतात, सगळी नोकरी क्लार्क म्हणून झालेली त्यामुळं कागद कुठं अडतो ते बरोबर माहिती. पाचपैकी चार स्टार.

माझा डिस्चार्ज 2014 चा. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे घरी सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डानं, बीपीमुळं 30 टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढं 'नाना'. आमच्या घरात नाना म्हणजे थोरले चुलते, फौजेच्या कागदावर नाना म्हणजे 'निदर अ‍ॅट्रिब्यूटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड', आजार नोकरीमुळं झाला पण नाही अन् वाढला पण नाही. का तर म्हणे बीपी पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी, असताना सापडलं. त्याआधी अडीच वर्षं बर्फात काढली ती कुणी मोजलीच नाहीत. अपील केलं, एका ओळीत रिजेक्ट. मग एक एजंट भेटला, म्हणला एरियर्समधले, म्हणजे मागच्या थकबाकीतले, 30 टक्के माझे, म्हणलं राहू दे बाबा, आणि पाच वर्षं गप बसलो, तीच चूक झाली.

साहेबांनी फाईल घेतली आणि सगळ्यात आधी भरतीच्या वेळचा मेडिकल काढला. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं बीपी लिहिलंय का? नाही ना? मग तू घरनं घेऊन आला नव्हतास." 2013 चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंगचा निकाल हाच सांगतो, भरतीला आजाराची नोंद नसेल तर गडी तेव्हा ठणठणीत होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळं नाही हे दाखवायचं काम सरकारचं. इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरं अपील, उशिराच्या अर्जासकट, दीड हजारात लिहून दिलं, पावती पण दिली. ते रिजेक्ट होणार हे पण आधीच सांगितलं आणि झालंच. मग मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलसाठी, म्हणजे फौजींच्या केसेसच्या कोर्टासाठी, वकील गाठून दिला, त्याची फी वेगळी पण कमिशन नाही. निकाल लागला, 30 चं राऊंडिंग होऊन, म्हणजे वरच्या टप्प्याला धरून, 50 टक्के अपंगत्वाची पेन्शन. एरियर्स मात्र केस टाकायच्या आधीच्या तीनच वर्षांचे, केस 2020 ची, म्हणजे 2017 च्या आधीचं सगळं पाण्यात. निकालानंतर पण कागद हलेना, एक्झिक्युशनचा, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करा म्हणून, अर्ज टाकला तेव्हा कुठं नवा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा हुकूम, आला.

एक स्टार कापला तो जिन्यासाठी. अपंग फौजींचं ऑफिस आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही! साहेब म्हणतात खालचं भाडं परवडत नाही. मी होतो तेव्हा एक जण नकली पायावर आलेला, तर साहेब स्वतः खाली उतरले आणि चहाच्या टपरीवर मांडीवर फाईल घेऊन तासभर बसले, पण रोज कोण उतरणार. दुपारी फोन पण उचलत नाहीत.

21 सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांना ते तोंडावर सांगतात की तुझी केस अवघड आहे, आमच्या भावकीतल्या एकाला तर पैसे न घेताच परत पाठवलं.

जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, रिजेक्शनचं पत्र, मेडिकल बोर्डाचे कागद, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स न्या, ओरिजिनल ते ठेवून घेत नाहीत. बोर्डाचे कागद नसतील तर आधी आरटीआय टाका, अर्जाचा नमुना फुकट देतात.